चिमट्याला लावलेलं कुंकू

सर,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नव्हतं. चिठ्ठ्या लिहायचे, त्याही अर्ध्या पानाच्या, रजेच्या. तुम्ही त्यांवर लाल पेनने ऱ्हस्वदीर्घ तपासून परत द्यायचात आणि म्हणायचात, "रजा मंजूर, वेलांटी नामंजूर." आता तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. नेरूळच्या घरात काकूही राहिल्या नाहीत, फ्लॅट विकला गेला, गॅलरीत दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत असतात. म्हणजे हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि वेलांट्यांची भीतीही नाही. तरी लिहितेय, कारण एक गोष्ट गेल्या महिन्यात मी सगळ्यांना सांगून मोकळी झाले. कंपनीला सांगितली, ज्याचं नुकसान झालं त्याला सांगितली. ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवी होती ते तुम्हीच तेवढे राहिलात.

तळोज्याचा तो रंगवाला आठवतो का तुम्हाला? अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात नेहमी दोन बरण्या, आणि तुमच्यासमोर खुर्चीत न बसता उभाच राहायचा तो. गोळ्यांवर चढवायच्या आवरणाचा गुलाबी रंग बनवायचा. त्याचा एक लॉट आपण शिशासाठी नापास केला होता. रिपोर्ट मी केला होता, खाली तपासणारे म्हणून सही तुमची. सर, त्याच्या रंगात शिसं नव्हतं. शिसं माझ्या चिमट्याला होतं.

थांबा, एकदम चिडू नका. पहिल्यापासून सांगते.

मी लॅबमध्ये लागले तेव्हा पंचवीस वर्षांची होते, आणि मला वाटायचं की बीएस्सी केमिस्ट्री झाली म्हणजे सगळं आलं. पहिल्या दिवशी तुम्ही मला बेसिनपाशी नेलंत आणि हात धुवायला लावलंत. एकदा नाही, तीनदा. मग माझ्या नखांकडे बघितलंत, नेलपॉलिश होतं. "हे काढून या. हाही रंगच आहे, आणि आपण इथे रंगातलीच घाण शोधतो." मला असा राग आला होता! घरी जाऊन आईला म्हटलं, साहेब आहे की शाळामास्तर? पण दुसऱ्या दिवशी नखं साफ होती. हळूहळू कळत गेलं की तुमचं म्हणणं खवचटपणाचं नव्हतं. गोळी खाणाऱ्याला रंगाचा काही उपयोग नसतो, रंग असतो तो गोळी ओळखू यावी म्हणून, मुलांनी तोंडात घ्यावी म्हणून. औषधाने निदान आजार तरी बरा होतो. रंगातून शिसं पोटात गेलं तर ते नुसतंच राहतं, हाडांत जाऊन बसतं. "फुकटचं विष" हा तुमचा शब्द. मी अजूनही नव्या मुलींना तो शब्द तसाच सांगते, आणि तुमचं नाव सांगत नाही, कारण त्यांना ते कळणार नाही.

आपली पद्धतही तेव्हा किती हाताची होती. रंग तोलून मुशीत घ्यायचा, भट्टीत जाळून त्याची राख करायची, राख आम्लात विरघळवायची आणि मग यंत्रापुढे न्यायची. मूस भट्टीत ठेवायची आणि काढायची ती लांब दांड्याच्या चिमट्याने. आणि प्रत्येक वेळी एक मूस रिकामी. तिच्यात रंग नाही, बाकी सगळं तेच, तीच भट्टी, तेच आम्ल. तिला आपण ब्लँक म्हणायचो. तुमचा जीव त्या रिकाम्या मुशीत होता. "ब्लँकमध्ये काही सापडलं तर घाण आपली, मालाची नाही." हे वाक्य तुम्ही इतक्यांदा म्हणायचात की भांडी धुणाऱ्या मावशीलाही पाठ होतं. ती घणसोली गावातली, तिथलीच मूळची. तुम्ही वळलात की तुमची नक्कल करायची, "घान आपली, मालाची नाय!" आणि आम्ही तोंड दाबून हसायचो.

आणि खंडेनवमी. बाहेर प्लँटमध्ये प्रत्येक मशीनला हार, मोटारींना लिंबू, ऑफिसातल्या टाइपरायटरलासुद्धा हळदकुंकू. एपीएमसीच्या बाजारातून झेंडूची पोती यायची. आणि आपल्या लॅबच्या दाराला फक्त बाहेरून एक हार. आत काही न्यायचं नाही, हा तुमचा कायदा. दर वर्षी मावशी वाद घालायची. मला ते अजून डोळ्यांसमोर दिसतं. ती कमरेवर हात ठेवून उभी आहे आणि म्हणतेय, "साहेब, आज हत्यारांची पूजा नाय केली तर वरीसभर यश येनार हाय का?" तुम्ही चष्मा पुसताय, वर न बघता म्हणताय, "यंत्राला लावायचं असेल तर आधी मला लाव. मला चालेल." आणि ती खरंच तुमच्या कपाळाला लावते, आणि तुम्ही तसेच दिवसभर फिरता. देवाधर्माचं तुम्हाला वावडं नव्हतं. शनिवारचा उपास तुम्ही कधी मोडला नाहीत. म्हणून तर मला तो कायदा पटायचा नाही. मला वाटायचं, हा नुसता हट्ट.

त्या वर्षी माझी नोकरी कायम व्हायची होती. दसऱ्यानंतर ऑर्डर निघणार, असं ऑफिसातून कानावर आलं होतं. आई तेव्हा गावाला जाऊन आली होती. आमच्या देवीच्या देवळातून तिने एक पुडी आणली आणि माझ्या डब्याच्या पिशवीत टाकली. म्हणाली, "देवीचं कुंकू आहे. तुझ्या हत्याराला लाव, म्हणजे नोकरी टिकेल." आता माझं हत्यार काय? तर चिमटा. बाकी सगळी यंत्रं कंपनीची, पण तो चिमटा रोज माझ्या हातात. नवमीला तुम्ही मीटिंगला वर गेलात तेव्हा मी दार लोटून घेतलं, पुडी उघडली, आणि चिमट्याच्या सांध्यावर, जिथे दोन दांडे जुळतात तिथे, बोटाने एक टिळा लावला. नमस्कार केला. हसू नका, पण मी डोळेही मिटले होते. दसरा आणि त्याला जोडून आलेल्या सुट्ट्यांनंतर आल्याआल्या ओल्या कापसाने पुसून टाकला. दिसायला स्वच्छ झाला. सांध्याच्या आत काय राहिलं ते मी बघितलं नाही.

त्याच दिवशी तळोज्याचा लॉट माझ्याकडे आला. ब्लँक मी पूजेआधी, अष्टमीला केलेला होता आणि तो छान शून्याजवळ होता, म्हणून तोच धरला. दर वेळी शून्यच येतो, परत कशाला करा, हा आळस. यंत्राने शिसं दाखवलं, मर्यादेच्या बरंच वर. मी परत केलं. परत वर, पण पहिल्याएवढं नाही. मला काय माहीत की सांध्यातून कण गळत होते, कधी जास्त, कधी कमी! दोन्ही आकडे मी तुमच्यापुढे ठेवले. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. "दोन्ही जास्त आहेत. पण एकमेकांशी जुळत नाहीत." मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलंत आणि विचारलंत, "आत कुणी शेंदूर आणला होता का? सणाचे दिवस आहेत म्हणून विचारतो. शेंदूर म्हणजे निव्वळ शिसं." मी म्हटलं, "नाही सर."

आमच्या घरी त्याला कुंकूच म्हणायचे, सर. देवीच्या तांदळ्यावर, म्हणजे त्या बिनचेहऱ्याच्या दगडावर, शेंदराचे थरावर थर चढतात, त्यातला खरवडून पुजारी पुडी बांधून देतो. आई म्हणायची देवीचं कुंकू, आजी म्हणायची देवीचं कुंकू. शेंदूर आमच्याकडे फक्त मारुतीचा. तुम्ही कुंकू म्हणून विचारलं असतंत तर मी हो म्हटलं असतं, हे मी पुढे कित्येक वर्षं मनात घोळवलं आहे.

तुम्ही सही केलीत. तिसऱ्या दिवशी तो माणूस आला. मी पलीकडच्या टेबलावर बाटल्यांना लेबलं लावत होते, सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, "साहेब, माल परत पाठवा, हरकत नाही. पण शिसं लिहू नका. रंग फिका आहे लिहा, ओल जास्त आहे लिहा. एकदा शिसं लागलं की मला कुणी दारात उभं करणार नाही. पुढची प्रत्येक कंपनी विचारते, आधी कुठे नापास झालात का." तुम्ही म्हणालात, "जो आकडा आला तोच लिहिणार. तुमच्यासाठी वेगळा आणि दुसऱ्यासाठी वेगळा आकडा माझ्याकडे नाही." तो म्हणाला, "मग परत एकदा करा." तुम्ही माझ्याकडे हात केलात. "या मुलीने दोनदा केलंय." किती विश्वासाने म्हणालात! तो माझ्याकडे वळला, मान हलवली, बरण्या उचलल्या आणि गेला. मी हातातलं लेबल उलटं चिकटवलं होतं.

आठ दिवसांनी दुसऱ्याच एका कंपनीचा पिवळा रंग केला, त्यातही शिसं.  सगळं बाजूला ठेवून ब्लँक लावला, तर ब्लँकमध्येही शिसं. चिमटा उघडून सांधा बघितला, आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवला, ब्रशने घासला. मग पुन्हा ब्लँक, शून्य. पिवळा रंग पुन्हा, एकदम पास. पहिले आकडे कच्च्या कागदावर होते. तो कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि घरी नेऊन फाडला. तुम्ही तेव्हा केबिनमध्ये चहा पीत होतात. दार उघडं होतं. मध्ये दहा पावलं अंतर असेल. मी गेले नाही. पुढच्या सोमवारी ऑर्डर निघाली आणि मी कायम झाले, आई म्हणाली, बघ, देवी पावली.

तिथेच संपलं असतं तर मी विसरले असते कदाचित. पण तुम्ही विसरू द्याल तर ना! नवा कुणी लागला की तुम्ही ती गोष्ट सांगायचात. या मुलीने शिसं पकडलं, पुरवठादार रडकुंडीला आला तरी आपण हललो नाही, त्या गोळ्या लहान मुलांच्या होत्या. निवृत्त झालात त्या दिवशीच्या भाषणातही तीच गोष्ट. त्याच दिवशी तुमचं जुनं फार्माकोपिया, औषधांच्या कसोट्यांचं ते जाडं पुस्तक, बांधणी सुटलेलं, मला दिलंत. आत तुमच्या नावाखाली माझं नाव लिहिलेलं. आणि शेवटच्या आजारपणात मी हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा ऑक्सिजनची नळी बाजूला करून नर्सला म्हणालात, "हिची नजर तिखट आहे बरं का." सर, मला तुमचा इतका राग आला त्या क्षणी! माणूस जाताना दुसऱ्याच्या डोक्यावर असं ओझं ठेवून जातो का? मग रिक्षात बसून रडले. रिक्षावाला बिचारा घाबरला, पाणी पाहिजे का मॅडम, विचारत राहिला.

आता गेल्या महिन्याचं. मी आता तुमच्या खुर्चीत आहे, म्हणजे खुर्ची नवी आहे, चाकांची, पण जागा तुमची. भट्टी आणि चिमटे जाऊन बरीच वर्षं झाली. आता बंद भांड्यात आम्ल घालून रंग विरघळतो आणि कपाटाएवढं यंत्र शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा एका दमात मोजतं, तुम्हाला दाखवायला हवं होतं. पूजा अजून दाराबाहेरच होते. तर एक नवा अर्ज आला, तळोज्याहून, गोळ्यांच्या रंगांसाठी. मुलगी आहे, तिशीची, आमच्यासारखीच केमिस्ट्रीवाली. नमुने मी स्वतः तपासले. इतका स्वच्छ रंग मी वर्षभरात बघितला नव्हता. पण पुरवठादारांच्या जुन्या नोंदीत तो पत्ता आधीच होता. 'शिसे, नापास, यादीतून रद्द.' त्याचीच मुलगी. क्वालिटी अशुरन्सचे मॅनेजर, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, स्वभावाने चांगले, ते म्हणाले, "मॅडम, एकदा हेवी मेटलला फेल गेलेली पार्टी, कशाला टेन्शन घ्यायचं? दुसरे खूप आहेत." अर्जावर नकाराचा शिक्का मारायचा आणि खाली सही माझी.

मी दोन दिवस ती फाइल पुढ्यात घेऊन बसले. जुना रिपोर्ट चुकीचा होता असं लिहिलं तर त्यावर तुमची सही. ब्लँकची तारीख पाच दिवस आधीची आहे आणि तपासणाऱ्याने ती बघितली नाही, हे कुणालाही दिसेल. तुमच्यासारख्या माणसाचं नाव सव्वीस वर्षांनी खराब करायचं, का त्या मुलीला परत पाठवायचं? तिसऱ्या दिवशी तिच्या अर्जावरचा जुना नंबर लावला. तिच्या वडिलांनीच उचलला. "एक मिनिट, पंखा बंद करतो, ऐकू येत नाही," म्हणाले. मी सगळं सांगितलं, एका दमात, नाहीतर सांगता आलं नसतं.

"शेंदूर?" त्यांनी विचारलं.

"हो."

"चिमट्याला?"

"हो."

  मग म्हणाले, "मी पाण्याची लाइन बदलली हो. जुनी होती, त्यातून येत असेल म्हणून. ड्रम बदलले. एक माणूस होता माझ्याकडे, घरी बॅटऱ्या दुरुस्त करायचा, त्याच्या कपड्यांतून शिसं येत असेल म्हणून त्याला काढला. तो डबा उचलून गेला. नंतर गोळ्यांचे रंग सोडलेच मी. रांगोळीचे रंग बनवले इतकी वर्षं." मी म्हटलं, माफ करा. ते म्हणाले, "त्याला शोधायला पाहिजे आता." आणि मग, "मुलीला मी सांगू का तुम्ही सांगता?" मी म्हटलं, मी लेखीच देते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दिल्या नाहीत.

लेखी दिलं. चौकशीचा फॉर्म असतो, त्यात सगळं भरलं. पूजेचं साहित्य आत नेलं, चिमट्याला लावलं, जुना ब्लँक वापरला, आठ दिवसांनी चूक कळली, कळवली नाही, कागद फाडला. मॅनेजर वाचत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी एक रकाना होता, तपासणाऱ्याने चौकशी केली होती का. ते म्हणाले, "इथे 'नाही' लिहू या मॅडम. रिव्ह्यूअरचं चुकलं, ते तर आता हयात नाहीत. तुमच्यावरचं थोडं हलकं होईल." मी त्यांच्या हातातून पेन घेतलं. तिथे लिहिलं की तपासणाऱ्याने शेंदराबद्दल स्पष्ट विचारलं होतं, आणि मी नाही म्हटलं होतं. ब्लँकची तारीख तुमच्या नजरेतून सुटली, तेही लिहिलं. ते खोडता येणार नव्हतं. पण विचारायचं तुम्ही सोडलं नव्हतंत, हे आता फाइलमध्ये आहे. त्या मुलीचा अर्ज मंजूर झाला. पहिला लॉट पुढच्या आठवड्यात येतोय. माझं काय करायचं ते वर ठरतंय, सध्या रिपोर्टवर सही करायचे अधिकार काढून घेतले आहेत. ठीक आहे. जेवण जातंय, झोप लागतेय.

एवढंच राहिलं. त्या शेवटच्या रकान्यात मॅनेजरांनी एक शब्द सुचवला. मी त्यांना आमच्या घरच्या कुंकवाचं सांगितलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "मग 'गैरसमजामुळे नाही असे उत्तर दिले' असं लिहा ना मॅडम." मी लिहिलं. लिहिताना बरंही वाटलं. फॉर्म तसाच गेला आणि तसाच राहील बहुतेक. पण सर, दार लोटून मी पुडी उघडली तेव्हा आतलं ते केशरी होतं. कुंकू केशरी नसतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.